शिडाच्या गलबतावर वाइनची संध्याकाळ: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यातली चार मित्रमंडळी. मार्गशीर्ष ते फाल्गुन या काळात महिन्यातून एकदा चौदा जणांना घेऊन मुंबईच्या बंदरात जातो आणि शिडाच्या लाकडी गलबतावर महाराष्ट्रातल्या पाच वाइन चाखतो. फोनवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत. नावनोंदणीआधी निदान तारखेचा आणि बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळीचा प्रश्न तरी वाचाच.

संध्याकाळ नेमकी कशी असते?

साडेचारला धक्क्यावरून निघतो, साडेसातला परत टेकतो. पहिला अर्धा तास कुणाच्याही हातात पेला नसतो. शीड चढताना बघायचं, बसायची जागा पक्की करायची, गलबताच्या हेलकाव्याशी पोटाची ओळख होऊ द्यायची. मग दर पंचवीस-तीस मिनिटांनी एक वाइन. मध्ये सूर्यास्त होतो आणि तेव्हा आम्ही काहीही बोलत नाही.

तारीख शनिवार-रविवारीच का नसते? आम्हाला रजा काढावी लागते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर भरती-ओहोटीत आहे.

आमची पहिली फेरी आम्ही शनिवारी ठेवली होती. पौर्णिमा एका दिवसावर आली होती, म्हणून तर फारच खूश होतो. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पाणी खूप खाली गेलेलं, खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या आणि त्यांवर हिरवं शेवाळ. बरोबरच्या एका काकांचा पाय घसरला. दोन खलाशांनी त्यांना वेळीच धरलं म्हणून निभावलं. त्या रात्री घरी येऊन आम्ही कॅलेंडर पुन्हा उघडलं ते तिथी बघायला.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला. नेमकी आपल्या फेरीची वेळ. शिवाय ते उधाण. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरच्याही पुढे फरक पडतो. अष्टमीला मात्र आठ पाऊणे सहा. भरती संध्याकाळी सहाला, तीही भांगाची, म्हणजे फरक दीड-दोन मीटरचाच. निघताना आणि परतताना पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत असतं, प्रवाहाची ओढ कमी असते, आणि शुक्ल पक्षातली अष्टमी असेल तर सूर्य बुडताना अर्धा चंद्र थेट माथ्यावर आलेला असतो.

म्हणून आमची फेरी शुक्ल सप्तमी, अष्टमी किंवा नवमीला असते. यांतला एखादा दिवस शनिवारी आला तर आनंदच, पण शनिवारासाठी आम्ही तिथी सोडत नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात जायचा आग्रह बरेच जण धरतात. त्यांची हौस समजते, पण त्या दिवशी आमच्याबरोबर येता येणार नाही.

पुण्याच्या आसपास एवढी धरणं आहेत. खडकवासल्यात का नाही करत?

ते आपलं प्यायचं पाणी आहे. हे एकच कारण पुरे आहे, पण दुसरंही सांगते. डोंगरांच्या मधल्या जलाशयात वारा सारखा दिशा बदलतो, आणि जड लाकडी गलबताला संथ, एका बाजूने येणारा वारा लागतो. समुद्रावर तो दुपारी मिळतो. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो तेच: दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री उलटं होऊन मतलई वारे सुटतात. शिडाची होडी चालवणाऱ्यांचा दिवस पिढ्यान् पिढ्या याच दोन वाऱ्यांवर आखला गेला आहे: पहाटे मतलईवर बाहेर, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी.

खडकवासल्याचं आणि समुद्राचं नातं मात्र जुनं आहे. १९१६ साली सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था तिथेच आहे. देशातल्या बंदरांची छोटी प्रतिरूपं करून भरती-ओहोटी आणि लाटा तिथे अभ्यासल्या जातात. मला याचं फार अप्रूप आहे. समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, सिंहगडाच्या पायथ्याशी बसून माणसं बंदराचं पाणी मोजतात.

गलबत कसं आहे? इंजिन असतं का?

दोन डोलकाठ्या, लाकडी अंग, आणि लांब तिरक्या परबाणावर, म्हणजे शीड बांधायच्या काठीवर, ताणलेली तिकोनी शिडं. अरबी समुद्रात शतकानुशतकं चाललेली ही पद्धत. इंजिन आहे. धक्क्यापासून सुटताना, परत टेकताना आणि वारा पडला की ते लावतात. एरवी बंद.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. अशा गलबतात दिशा बदलताना परबाण डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं. त्याला तीन-चार खलाशी आणि भरपूर जागा लागते. तांडेल, म्हणजे गलबताचे प्रमुख, "बसा" म्हणाले की पेला खाली ठेवून, डोकं खाली घेऊन बसायचं. त्या दोन मिनिटांत फोटोसाठीसुद्धा उठायचं नाही.

जुन्या जहाजांची ज्यांना ओढ आहे त्यांच्यासाठी: अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून, फळ्या दोरीने शिवून बांधलेलं 'कौंडिण्य' हे जहाज भारतीय नौदलात मे २०२५ मध्ये कारवारला दाखल झालं. आमचं गलबत खिळ्यांचं आहे, तेवढं जुन्या धाटणीचं नाही, पण तांडेलांशी या विषयावर बोलून बघा. ते तासभर बोलतील.

वाइन म्हणजे दारू नव्हे, हे खरं ना?

नाही, खरं नाही. आमच्या पाचही बाटल्यांत साधारण ११ ते १४ टक्के मद्यार्क असतो. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमधून वाइन विकायचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय आला तेव्हा या प्रश्नावर घराघरांत वाद झाले. "द्राक्षाचा रस आहे, तब्येतीला चांगला" असं सांगून आम्ही कुणालाही बोलावणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. आम्ही चाखतो ते चवीसाठी आणि ती द्राक्षं पिकवणाऱ्यांच्या कौतुकासाठी, आणि प्रमाण कमी ठेवतो: दर वाइन ५० मिलिलिटर, म्हणजे तीन तासांत २५० मिलिलिटर, बाटलीचा तिसरा हिस्सा. कुणालाही जास्तीचं मिळत नाही, जास्त पैसे देऊनही नाही.

चौदाच माणसं का, याचंही उत्तर यातच आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ५० चे पंधरा पेले होतात. चौदा तुमचे, पंधरावा आम्ही आधी चाखून बाटली ठीक आहे ना ते बघायला.

परवाना लागतो का? वयाची अट काय?

लागतो. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला १९४९ च्या कायद्यानुसार परवाना हवा. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे त्या दिवसापुरते सगळे परवाने आम्ही काढतो, तुम्ही ओळखपत्राची प्रत वेळेत पाठवा. वय २५ पूर्ण हवं. त्यात सूट नाही. २६ जानेवारी किंवा मतदानाआधीचे दिवस अशी बंदी आमच्या तिथीवर आली तर त्या महिन्याची फेरी होत नाही.

कोणत्या वाइन असतात? फ्रेंच, इटालियन का नाहीत?

कारण आपल्या मातीतल्या वाइन आपणच नीट चाखलेल्या नाहीत. पुणे जिल्ह्यात नारायणगावला १९८० च्या दशकातच फेसाळ वाइन बनू लागली होती आणि ती परदेशातही जात होती. आज 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे, बारामतीच्या बाजूला रोटी गावच्या माळावर वाइनची द्राक्षं आहेत, अकलूजच्या परिसरात मूळची इटलीची सँजोव्हेसे ही जात आहे. द्राक्षावर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र तर आपल्या पुण्याजवळच्या मांजरी गावात आहे.

बागायतदारांचं कसब समजून घ्यायला एक गोष्ट पुरेशी आहे. युरोपात थंडीत वेल झोपी जातो आणि वर्षातून एकदा छाटला जातो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून त्याला वळणावर आणावं लागतं. मग द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या हवेत आणि थंड रात्रींत उतरतात. आपली फेरी त्याच महिन्यांत असते. तुम्ही गलबतावर असता तेव्हा तिकडे दिंडोरीत पहाटे तोडणी चालू असते.

क्रम साधारण असा: नाशिकची फेसाळ, मग शेनँ ब्लाँ ही पांढरी, मग गुलाबी रोझे, मग लाल सँजोव्हेसे, आणि शेवटी उशिरा तोडलेल्या शेनँची गोड वाइन. जुन्या, तळाशी गाळ बसलेल्या लाल वाइन आम्ही आणत नाही. हेलकाव्यांनी गाळ वर येतो आणि चव कडसर होते. फेसाळ बाटली धक्क्यावर उभे असतानाच उघडून दाबाच्या बुचाने पुन्हा बंद करतो. आत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, आणि हलत्या गलबतावर ती उघडली तर अर्धी वाइन फेसातच जाते.

मला वास ओळखता येत नाहीत. "ब्लॅककरंट", "गूजबेरी" असं काही मी आयुष्यात खाल्लेलं नाही. चालेल?

चालेल, कारण आम्हीही ते शब्द वापरत नाही. फेरीच्या आधीच्या आठवड्यात पुण्यात एक बैठक असते, एरंडवण्यात एका गच्चीवर. तिला येणं सक्तीचं आहे, आणि माझ्या मते सगळ्या उपक्रमाचा जीव तिथे आहे.

त्या दिवशी वाइन नसते. सकाळी मंडईतून आणलेल्या गोष्टी झाकलेल्या वाट्यांत असतात: पिकलेला पेरू, कैरीची फोड, कवठाचा गर, चिंच, नवा गूळ, भरडलेली मिरी, आमसूल, लिंबाचं पान, मध, भिजवलेली माती. डोळे मिटून हुंगायचं आणि पहिलं जे आठवेल ते बोलायचं. एका आजींनी कवठाची वाटी हुंगून त्यांच्या माहेरच्या अंगणाचं वर्णन केलं होतं, तेव्हा गच्चीवर सगळे गप्प झाले. वासाची आठवण अशीच असते, ती नावाआधी जागा दाखवते.

मग गलबतावर शेनँ ब्लाँचा पेला नाकाशी आला की पेरू आपोआप सुचतो. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये कैरी आणि हिरवी मिरची सापडते. शिराझ या लाल वाइनमध्ये मिरीचा वास येतो तो भास नाही. मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन हे द्रव्य शिराझच्या द्राक्षातही असतं. सँजोव्हेसेत कुणाला करवंद सापडतं, कुणाला आलुबुखार. दोघंही बरोबर.

समुद्रावरच्या वाऱ्यात वास उडून जात नाही का?

जातो. म्हणून पेला तिसरा हिस्साच भरतो, तोंडावर तळवा ठेवायचा, वाऱ्याकडे पाठ करायची आणि मग तळवा काढून लगेच हुंगायचं. पेले काचेचे नसतात, न फुटणारे, जाड, बिनदांडीचे असतात. काचेत वास जास्त खुलतो हे मान्य, पण गलबतावर सगळे अनवाणी असतात आणि फुटलेली काच फळ्यांच्या फटीत जाऊन बसते.

पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर आणि लाल १६-१७ वर द्यायची असते. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला" हा नियम युरोपातल्या गार घरांसाठी होता. आपल्या तापमानाला ती उकाड्यात ठेवलेल्या सरबतासारखी लागते. लाल बाटलीही थोडा वेळ बर्फात ठेवतो, दचकू नका.

चाखून थुंकायचं असतं म्हणे. ते कसं दिसतं?

पिकदाणी असते, प्रत्येकी एक, झाकणाची. जगभर चाखणी करणारे हेच करतात. समुद्रात मात्र काही टाकायचं नाही, उरलेली वाइनसुद्धा नाही.

खायला काय? आम्ही शाकाहारी आहोत.

अर्ध्याहून जास्त पदार्थ शाकाहारीच असतात आणि त्यांची भांडी वेगळी. फेसाळ वाइनबरोबर भाजणीची चकली, कारण बुडबुडे आणि आंबटपणा तळलेल्याचं तेल जिभेवरून धुऊन काढतात. शेनँबरोबर अळूवडी. तिच्यातल्या चिंचगुळाला असाच आंबट आणि किंचित गोडसर जोडीदार हवा. रोझेबरोबर तव्यावरची कोळंबी किंवा सुरळीची वडी. सँजोव्हेसेबरोबर वांग्याचं भरीत आणि ज्वारीच्या भाकरीचे छोटे तुकडे. ही जोडी आमची नाही, पहिल्या वर्षी आलेल्या एका पाहुण्यांनी सुचवली आणि आता तिच्याशिवाय फेरी होत नाही.

तिखट आम्ही हात आखडून घालतो. मद्यार्काने मिरचीची आग वाढते, आणि मग तोंडात फक्त आगच उरते. लाल वाइन आणि मासळी एकत्र देत नाही. लाल वाइनमधल्या लोहाशी मासळीच्या तेलाचा संयोग झाला की तोंडात धातूसारखी, उग्र चव येते. तुम्हाला घरी हा अनुभव आला असेल तर दोष स्वयंपाकाचा नव्हता.

मला एसटी लागते. बोट लागेल का?

लागू शकते, पण एसटी लागणाऱ्या प्रत्येकाला लागतेच असं नाही. हिवाळ्यात बंदराच्या आत पाणी बऱ्यापैकी शांत असतं. उपाशी येऊ नका, फार जेवूनही येऊ नका. मधल्या भागात बसा, क्षितिजाकडे बघा, फोनकडे नाही. आलेपाक आमच्याकडे डबाभर असतो.

आता महत्त्वाचं. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते आणि मद्याने ती गुंगी वाढते. गोळी घेतली असेल तर त्या दिवशी वाइन नाही. चढतानाच आम्ही हे प्रत्येकाला विचारतो. खरं सांगा. रक्तदाब, मधुमेह किंवा इतर नियमित औषधं असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून या.

पोहता येत नाही.

आमच्यातल्या दोघांनाही येत नाही. लाइफ जॅकेट चढल्यापासून उतरेपर्यंत अंगावर असतं, पोहणाऱ्यांच्याही.

आई-बाबांना आणू का? आणि मी पीत नाही, नुसतं येऊ का?

दोन्हींना हो. आई-बाबांना सात-आठ पायऱ्या आणि एक मोठं पाऊल टाकता यायला हवं, खलाशी हात देतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा, त्यांना सगळ्यात आधी चढवतो.

न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत, शहाळं आणि वाइनच्याच जातीच्या द्राक्षांचा ताजा रस असतो, तो मिळेल त्या महिन्यात. हुंगायला पाचही पेले त्यांच्याही हातात येतात, आणि नाकाची निम्मी मजा त्यांना मिळतेच. लहान मुलांना मात्र आणू नका.

कपडे?

सुती, सैल, आणि सूर्यास्तानंतरसाठी एक शाल किंवा स्वेटर. अत्तर लावू नका, सगळ्यांच्या पेल्यांतला वास बिघडतो. गजरा घालून यायचा मोह होईल, पण मोगराही त्या दिवशी नको.

खांदेरीला उतरता येतं का?

नाही, तेवढं दूर जात नाही. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेकडे बोट करून दिशा दाखवतो, आणि तिथे काय घडलं ते तांडेल सांगतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी मुंबईहून जहाजं पाठवून वेढा घातला, पण महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींच्या माणसांना रसद पोहोचवणाऱ्या हलक्या होड्या उथळ पाण्यातून, वल्ह्यांवर, इंग्रजांच्या जड जहाजांना चुकवून जात राहिल्या. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी उभं राहतं, हे तुम्ही त्या संध्याकाळी स्वतः अनुभवलेलं असतं. त्यामुळे गोष्ट जास्त कळते. मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत खांदेरीही आहे.

वारा पडला किंवा हवा बिघडली तर पैसे परत मिळतात का?

वारा पडणं हे हवा बिघडणं नाही. सूर्यास्तानंतर खारा वारा मंदावतो आणि मतलई सुटायला वेळ असतो, त्यामुळे शेवटचा पाऊण तास बहुतेकदा शीड लोंबतं. बऱ्याच जणांना नंतर तोच वेळ आठवतो. जोराचा वारा किंवा दाट धुकं असेल तर तांडेल "नाही" म्हणतात आणि त्यावर आम्ही वाद घालत नाही. अशा वेळी पूर्ण पैसे परत. तुम्ही स्वतः रद्द केलंत तर फेरीच्या दहा दिवस आधीपर्यंत पूर्ण, नंतर जागा भरली तरच.

पुण्याहून कसं न्यायचं? रेल्वेने आलो तर?

बस सकाळी साडेदहाला चांदणी चौकातून निघते. द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवरून आल्याने वेळ वाचतो. वाटेत जेवण. स्वतःची गाडी चालवत आलात तर तुम्हाला वाइन मिळणार नाही, ड्रायव्हर बरोबर असेल तर हरकत नाही. डेक्कन क्वीनने सकाळी मुंबईला येता येईल, पण तिनेच परत जाता येणार नाही. ती पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते आणि तेव्हा आपण पाण्यावर असतो. बस रात्री साडेबारा-एकपर्यंत चांदणी चौकात पोहोचते. तिथून पुढे घरी न्यायला कुणाला तरी सांगून ठेवा.

आवडलेल्या वाइनची बाटली लगेच विकत मिळते का?

गलबतावर विक्री नाही. नावं आणि बागांची गावं लिहिलेला कागद परतीच्या बसमध्ये देतो. शक्य असेल तर बाटलीपेक्षा आधी त्या गावी जाऊन या, फेब्रुवारीत, तोडणी चालू असताना.